नातीचं बास्केटबॉल : आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दादाच्या लेकीला बास्केटबॉलमध्येच पुढे जायचंय म्हटल्यावर बाबांनी विचारलं, यात मुलींचं पोट भरतं का आणि किती वर्षं? आईला काळजी गुडघ्यांची. दोन्हींची उत्तरं सू बर्डच्या कारकिर्दीत सापडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सू बर्ड २००२ ते २०२२ अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये सिएटल स्टॉर्म या एकाच संघाकडून खेळली. २०१३ आणि २०१९ ही दोन वर्षं डाव्या गुडघ्यापायी गेली. उरलेल्या १९ हंगामांत ५८० सामने, ३,२३४ असिस्ट (म्हणजे ज्यावर सोबतच्या खेळाडूने लगेच बास्केट केली असे पास) आणि २००४, २०१०, २०१८, २०२० अशी चार विजेतेपदं. शिवाय अथेन्सपासून टोकियोपर्यंत सलग पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं. उंची फक्त पाच फूट नऊ इंच. तिथे सहा फुटांवरच्या मुली ढिगाने असतात, त्यामुळे आपल्या नातीच्या उंचीची चिंता बाबांनी आत्ताच करू नये.

एवढी वर्षं ती टिकली ती पॉइंट गार्ड म्हणून. संघाचा हल्ला कसा लावायचा हे ठरवणारी ही जागा. हातात २४ सेकंद, तेवढ्यात चेंडू रिंगला लागायलाच हवा. तिचं रोजचं हत्यार म्हणजे ‘पिक अँड रोल’. सोबतची उंच खेळाडू येऊन गार्डला अडवणाऱ्या मुलीच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते, हा झाला स्क्रीन. गार्डने स्क्रीनला खांदा घासूनच ड्रिबल करत निघायचं, मध्ये फट राहिली की अडवणारी मुलगी त्यातून निसटते. ती स्क्रीनच्या मागून फिरून आली, तर समोर मोकळी जागा असते, तिथूनच शॉट मारायचा. दोघीजणी गार्डवर धावून आल्या, तर स्क्रीन लावणारी वळून रिंगकडे पळते आणि तिला दोघींच्या मधून टप्पा देऊन पास द्यायचा. पास अर्धा सेकंद आधी गेला तर ती वळलेली नसते, उशिरा गेला तर तिसरीचा हात मध्ये येतो. हे ओळखणं वयाबरोबर वाढत जातं, उडी मात्र वयाबरोबर कमी होते. २०१८ च्या उपांत्य फेरीच्या निर्णायक सामन्यात मोडलेल्या नाकावर मुखवटा चढवून तिने २२ गुण केले, त्यातले १४ शेवटच्या क्वार्टरमध्ये. तेव्हा ती ३७ वर्षांची होती.

आता पैसा. डब्ल्यूएनबीएचा हंगाम मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर. तिथला पगार बराच काळ इतका कमी होता की, मोठ्या खेळाडू हिवाळाभर रशिया, तुर्कस्तान किंवा चीनमध्ये खेळत. बर्ड २००४ ते २०१४ दहा हिवाळे रशियात खेळली, तिथल्या क्लबांकडून युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, युरोलीग, पाचदा जिंकली आणि कमाई तिथेच जास्त होती. फरक केवढा? तिची मैत्रीण डायना टॉरासी २०१५ चा अमेरिकेतला हंगाम खेळलीच नाही, कारण विश्रांती घे म्हणून रशियन क्लबनेच तिला पैसे दिले. अमेरिकेतला तिचा पगार लाख-सव्वालाख डॉलरच्या आत, आणि रशियातला सुमारे १५ लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या.

पण तो पैसा एकेका धनिकाच्या मर्जीवर चालायचा, आणि त्यात धोकाही होता. बर्डच्या रशियातल्या स्पार्टाक क्लबच्या मालकाचा २००९ मध्ये मॉस्कोत गोळ्या घालून खून झाला. २०२२ च्या फेब्रुवारीत, रशियात खेळणाऱ्या अमेरिकी खेळाडू ब्रिटनी ग्राइनरला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली, सुटका डिसेंबरात. बारा महिने खेळण्याची किंमत शरीरही मोजतं. बर्डचीच सहकारी ब्रियाना स्टुअर्ट एप्रिल २०१९ मध्ये युरोलीगच्या अंतिम सामन्यात खेळताना पडली, टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि सिएटलकडचा तिचा अख्खा हंगाम गेला. माझ्या मते बर्डचा सर्वात शहाणा निर्णय म्हणजे २०१४ नंतर हिवाळ्यात परदेशी खेळणं बंद करून झोप, आहार आणि व्यायाम यांना वेळ देणं. अर्थात तोवर तिने पुरेसं कमावलं होतं, नवख्या मुलीला हे परवडत नव्हतं. २०२४ मध्ये लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या केटलिन क्लार्कचा लीगमधला पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. बाकीची मिळकत जाहिरातींची, आणि ती मोजक्याच मुलींना मिळते. आईला एक सांगायचं राहिलं: बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार तिथे लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२० च्या करारापासून मिळू लागला.

आपल्याकडे महिलांना पोटापाण्यापुरतं देईल अशी व्यावसायिक लीग नाही. इथला खरा आधार म्हणजे क्रीडा कोट्यातली नोकरी, विशेषतः रेल्वेतली. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षं बलाढ्य आहे तो त्यामुळेच. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तेव्हा वाट अगदीच अनोळखी नाही. पण शिक्षण सोडायचं नाही, यावर तुम्ही ठाम राहा.

आणि गुडघा. बर्डचा डाव्या गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा अस्थिबंध, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, आठ सामन्यांनंतर फाटला. उड्या आणि वळणांच्या खेळांत हा अस्थिबंध मुलींमध्ये मुलांपेक्षा निदान दुपटीने जास्त फाटतो, आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उडीनंतर पाय जमिनीवर येताना किंवा पळता पळता एकदम थांबताना गुडघा आत झुकतो, कंबर ताठ राहते, सगळा भार ताठ पायावर येतो. शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने सामना नाही. दुखणं थांबलं म्हणून सहाव्या महिन्यात मैदानात उतरणाऱ्या मुलींचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो.

हे बऱ्याच अंशी टाळता येतं. आठवड्यातून दोन-तीनदा, सरावाच्या आधी १५-२० मिनिटं: एका पायावर उठाबशा, मांडीच्या मागच्या स्नायूंचे आणि नितंबांचे व्यायाम, उडी मारून अलगद उतरण्याचा सराव. उतरताना आधी चवडे, मग टाच, गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत, कंबर मागे. आवाज धप्प आला तर उतरणं चुकलं. हंगाम सुरू झाला की कोच हा व्यायाम आधी गाळतात, नेमका तेव्हाच तो हवा असतो.

बाबा, एक काम करा. फूटभर उंचीच्या भक्कम पेटीवरून तिला दोन्ही पायांवर खाली उतरून लगेच सरळ वर उडी मारायला सांगा. तीनदा, बूट घालून, घसरत नाही अशा जमिनीवर. मोबाइल समोरून तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर धरून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा, मग एकदा बाजूने. गुडघे दुखत असतील तर अजिबात करू नका. व्हिडिओ मला पाठवा आणि तिच्या कोचनाही दाखवा. गुडघे एकमेकांकडे झुकताना दिसले, तर खेळाडूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे तिला या महिन्यातच न्या.

तुमची,
धाकटी