नोटिशीवर तारीख टाका की

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

माझी लेक पुण्याच्या एका कॉलेजात सेकंड इयरला आहे. आहे म्हणजे कागदावर पुण्यात, बाकी सगळा दिवस जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर, कारण घरात रेंज येत नाही. कोरोनामुळं बंद असलेली कॉलेजं फेब्रुवारीत उघडली तेव्हा तिला होस्टेलला सोडून आलो, गादी, कुकर, पुस्तकं, आणि आजीनं दिलेली कडक भाकरी अन् शेंगाचटणीची मोठी बरणी. पंधरा दिवस पण झाले नसतील, रात्री साडेनऊला व्हॉट्सअपवर नोटीस, उद्या संध्याकाळपर्यंत रूम खाली करा, पुढील आदेश येईपर्यंत होस्टेल बंद. पोरगी एका बॅगेवर एसटीनं घरी आली. भाकरी तेवढी बॅगेत घातली, बाकी सामान कुलुपात. आता सप्टेंबर लागला, तो पुढील आदेश काय अजून निघाला नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझा भाचा अमेरिकेत व्हर्जिनियात नोकरीला आहे, त्याच्याशी परवा फोनवर बोलणं झालं. त्याच्या राज्यात लिंचबर्ग म्हणून गाव आहे, तिथं लिबर्टी युनिव्हर्सिटी आहे, कट्टर ख्रिश्चन, 1971 ला एका पाद्र्यानं काढलेली. ही तीच युनिव्हर्सिटी जिनं मार्च 2020 मधी बाकीचे सगळे पोरांना घरी पाठवत होते तेव्हा सुट्टीवरून येणाऱ्या पोरांना होस्टेलात परत घेतलं आणि देशभर बोलणी खाल्ली. या ऑगस्टला सुरुवात केली तेव्हा पण मास्कची सक्ती नाही, लसीची सक्ती नाही, ज्याची त्याची मर्जी. वर्ग सुरू होऊन आठवडा झाला नाही तोवर पेशंट दीडशेच्या वर. मग 26 ऑगस्टला जाहीर केलं की 30 ऑगस्टपासून 10 सप्टेंबरपर्यंत सगळे क्लास ऑनलाइन, बंद हॉलमधले मोठे कार्यक्रम बंद.

आमच्या ग्रुपवर हे टाकलं तर लगेच हसण्याच्या इमोजी. देव वाचवणार होता ना म्हणे. मला तसलं हसू आलं नाही, कारण आपण तरी काय केलं, एप्रिलमधी पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक होती, इकडं पोरांच्या वर्गाला कुलूप आणि तिकडं प्रचाराच्या सभांना गर्दी. त्यांचं पण तसंच, क्लास बंद पण 4 सप्टेंबरची फुटबॉल मॅच झालीच, मैदान उघड्यावर आहे म्हणून पूर्ण भरलं तरी चालेल म्हणे. फुटबॉल आणि इलेक्शन, दोन्हीला कोरोना होत नाही बहुतेक.

ते चुकले हे खरंच आहे. साधा मास्क आधीच लावायला लावला असता तर कदाचित एवढं बंद करायची पाळी आली नसती. पण माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं बघा, 10 सप्टेंबर. त्या पोरांच्या आईबापाला माहीत आहे की बारा दिवस आहेत. तिकीट काढायचं का नाही, सामान हलवायचं का नाही, हे ठरवता येतंय.

आमच्या ओळखीतले एक सर म्हणाले, अहो व्हायरसला तारीख कळते का. नसेल कळत, माणसाला कळते. कोविशिल्डच्या दोन डोसमधी 84 दिवस ठेवायचे म्हणून सरकारनं सांगितलं, लस कधी शिल्लक असेल ते कोणाला माहीत नाही, पण 84 हा आकडा माझ्या आईला पाठ आहे, कॅलेंडरवर पेननं गोल केलाय तिनं. वारीचं पण आधी सांगितलं होतं की मानाच्या 10 पालख्या एसटीनं येणार, बाकीच्यांनी घरीच थांबायचं. जीव तुटला लोकांचा, आमच्या गल्लीतले एक आजोबा रडले, पण बहुतेकांनी ऐकलं कारण नेमकं काय ते कळलं होतं. तारीख चुकली तर नवीन टाका, कोण फाशी देणार नाही. 30 तारखेपर्यंत बंद लिहा आणि 28 ला परत बसून ठरवा आणि आदल्या रात्री साडेनऊला नाही तर दोन दिवस आधी कळवा.

आणि ज्याचं सामान आत आहे त्याला एक दिवस ठरवून चावी द्या. मी फोन केला तर ऑफिसमधला माणूस म्हणाला, वरून आलं की सांगतो. वरून म्हणजे कुठून ते त्यालाही माहीत नसणार, बिचारा. सामान नेऊ दिलं नाही पण होस्टेलच्या दुसऱ्या हप्त्याचा मेसेज मात्र वेळेवर आला, त्याच्यावर शेवटची तारीख होती, ठळक अक्षरात.

चटणी आता खवट झाली असणार, ती जाऊ दे. बरणी चिनी मातीची आहे, माझ्या आजीची, ती तेवढी परत पाहिजे.

आपला,
एक पालक, जुळे सोलापूर
6 सप्टेंबर 2021