खुनी कोण, त्याआधी पहिला पंचनामा ऐका

संपादक महोदय,

इंदूरच्या मराठी घरांत सकाळच्या फेरीत किंवा स्वयंपाक करताना खऱ्या खुनांच्या तपासकथा ऑडिओबुकवर ऐकणारे आता पुष्कळ आहेत. फसलेल्या तपासांना तर विशेष मागणी आहे. ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष खुनी कोण याकडे असते. तपास मात्र बहुतेक वेळा संशयिताचे नाव पुढे येण्याआधी, पहिल्या काही तासांतच बिघडलेला असतो. तो भाग निवेदक दोन मिनिटांत उरकतो, याची आम्हाला खंत वाटते.

2008 चे नोएडातील दुहेरी हत्याकांड घ्या. 16 मे रोजी मुलीचा मृतदेह सापडला आणि संशय घरातल्या नोकरावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह इमारतीच्या गच्चीवर मिळाला. गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि पहिल्या दिवशी ते कोणी उघडले नाही. मुलीच्या आईवडिलांना 2013 मध्ये शिक्षा, 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयातून सुटका, हे सगळे पुढचे. ऐकताना थांबायची जागा ते कुलूप आहे.

त्यानंतर कान द्यावा तो मुद्देमालाकडे. रक्ताने भिजलेला कपडा सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. प्रत्येक वस्तूला वेगळे पाकीट. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की आत दमट होते, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनए नासतो. पाकिटावर लाखेचे सील, पंचांच्या सह्या, तारीख आणि वेळ हवी. मालखान्याच्या, म्हणजे पोलिसांच्या जप्त वस्तूंच्या कोठाराच्या, रजिस्टरात नोंद हवी आणि मोहोरेचा नमुना प्रयोगशाळेकडे वेगळा जायला हवा. आपल्या राज्याची मुख्य प्रयोगशाळा सागरला आहे. पाकीट इथल्या मालखान्यातून कधी निघाले, तिथे कधी पोचले आणि मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होते, याचे उत्तर नसेल तर चांगला अहवालही उलटतपासणीत कोसळतो. विषबाधेचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने, सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. तो फॉर्मॅलिन या अवयव टिकवणाऱ्या रसायनात गेला की विषाचा शोध कठीण होतो. वापरलेल्या द्रावणाचा कोरा, म्हणजे अवयव न घातलेला, नमुनाही सोबत पाठवावा लागतो आणि घाईत नेमका तोच राहतो.

मृत्यूच्या वेळेबाबत निवेदक फार ठाम बोलतात. शरीर ताठरायला साधारण एक-दोन तासांत सुरुवात होते, सुमारे बारा तासांत ते पूर्ण ताठर होते आणि पुढे ताठरता उतरते. पण मे महिन्यातल्या इंदूरमध्ये हे सगळे लवकर घडते, जानेवारीत उशिरा. ‘रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी मृत्यू’ असे शवविच्छेदनाच्या नावावर सांगितले जात असेल, तर तिथे शंका घ्यावी.

कबुलीजबाब सर्वांत नाट्यमय आवाजात वाचला जातो. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेली माहिती तेवढी ग्राह्य धरतात. म्हणून हत्यार कुठे मिळाले, ती जागा सर्वांना खुली होती का आणि पंच कोण होते, हे पाहावे. मोबाइल टॉवरचेही तसेच. टॉवर परिसर सांगतो, खोली नाही. सीसीटीव्हीचे चित्रण तर अनेक ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत पुसून त्यावर नवे चढते, त्यामुळे फूटेज कोणत्या तारखेला ताब्यात घेतले हे महत्त्वाचे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याचीही तरतूद आहे. ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. जुनी प्रकरणे ऐकताना आजचे नियम त्यांना लावू नयेत. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी तुटता कामा नये, हा सर्वोच्च न्यायालयाच्या 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा निकालातला दंडक मात्र तेव्हाही होता.

छापील पुस्तकात चार पाने मागे जाता येते. ऐकताना तारखा निसटतात. नकाशा आणि घटनाक्रम कानाने कळतच नाहीत. पंचनाम्याच्या प्रकरणात वेग वाढवू नये. तारीख, वस्तू आणि ताबा असे तीन रकाने वहीत आखून ठेवावेत. मराठी ऑडिओबुक काढणाऱ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी घटनाक्रम आणि व्यक्तींची यादी सोबत द्यावी आणि प्रकरणाचा अंतिम निकाल सुरुवातीलाच सांगावा. निर्दोष सुटलेल्या माणसाचे संवाद खुनशी आवाजात वाचणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. आपल्या पुरवणीत अशा ऑडिओबुकांचे परीक्षण येते, त्यातही निवेदकाच्या आवाजासोबत या बाबी तपासल्या जाव्यात.

— न्यायवैद्यक क्षेत्रातील काही निवृत्त सहकारी, इंदूर