विमानांवर नजर ठेवणाऱ्या ऑप्स रूममध्ये रुजू झालेल्या मुक्तास

चि. मुक्ता हीस,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, समोर इतकं काही येत असतं की कशावर विश्वास ठेवायचा कळत नाही," असं तू म्हणालीस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन हवाई हल्ले परतवणाऱ्या ब्रिटनच्या फायटर कमांडपुढे हाच पेच होता. एकच जर्मन तुकडी किनाऱ्यावरच्या दोन-तीन रडारना वेगवेगळ्या जागी दिसायची. ते तसंच पुढे गेलं असतं, तर एका हल्ल्याचे तीन हल्ले झाले असते. म्हणून कमांडचे प्रमुख डाउडिंग यांच्या व्यवस्थेत रडारचा प्रत्येक फोन आधी बेंटली प्रायरी या मुख्यालयातल्या फिल्टर रूममध्ये यायचा. तिथे आकडे ताडून एकच माग, म्हणजे तुमचा ट्रॅक, ठरायचा आणि तेवढाच ग्रुप व सेक्टर या खालच्या विभागांकडे जायचा. यात मोलाचा वेळ जाई. तरी मला ते पटतं, कारण चुकीच्या जागी उडालेली स्क्वाड्रन लगेच परत मिळत नाही.

मला सर्वांत आवडतं ते त्यांचं घड्याळ. पाच-पाच मिनिटांचे भाग लाल, पिवळ्या, निळ्या रंगांत रंगवलेले. काटा ज्या रंगावर असताना खबर आली, त्या रंगाचा बाण टेबलावरच्या नकाशावर लागे. विमानांना हुकूम देणाऱ्या कंट्रोलरला गॅलरीतून एका नजरेत कळे, कोणती खबर ताजी आणि कोणती शिळी. तूही ट्रॅक कुठे आहे हे पाहण्याआधी तो शेवटचा कधी दिसला ते पाहा.

ओळख न पटलेल्या विमानांना ते 'एक्स' म्हणत. वरिष्ठांनी कितीही घाई केली, तरी खात्री होईपर्यंत 'एक्स'ला एक्सच म्हण. हे सांगायला धीर लागतो, आणि तो तुझ्यात आहे.

७ डिसेंबर १९४१ ला हवाई बेटांवरच्या अमेरिकेच्या ओपाना रडारने पर्ल हार्बरवर हल्ल्याला निघालेली जपानी विमानं पाहिली होती. फोनही केला होता. पण माहिती केंद्रातले प्लॉटर, म्हणजे नकाशावर खबरा मांडणारे, सकाळी सातला ड्यूटी संपवून गेले होते. उरलेल्या नवख्या अधिकाऱ्याला वाटलं, आपलीच बॉम्बर येत असतील. सगळे त्याला नावं ठेवतात. मला मात्र वाटतं, आपली विमानं कुठे आहेत हे सांगणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं, खरी चूक तिथे होती. तेव्हा ड्यूटी हातात घेताना आधी विचारून घे: आपल्या विमानांची खबर मला कोण देणार, आणि तो जागेवर आहे का?

तुमच्याकडे शिळे ट्रॅक कसे काढतात, ते सांगण्याजोगं असेल तेवढंच लिही.

तुझे,
बाबा