गोगलगायींचा बंदोबस्त शिकवणाऱ्या माळीमामांस

ती. मामा,
सा. न. वि. वि.

यंदा आमच्या गल्लीतल्या बागा शाबूत राहिल्या, म्हणून हे जाहीर आभार. दुकानात गेलं की औषधाचा पुडा लगेच हातात पडतो. गोगलगाय दिवसभर दडते कुठं, हे मात्र तुम्ही दाखवलंत. जांभ्याच्या भिंतीच्या फटी, कुंड्यांचे बूड, विटांचा ढीग आणि उसाच्या पाचटाचं आच्छादन. पाचट जमिनीला चांगलंच, पण पावसाळ्यात ते खोडापासून वीतभर लांब सारायचं, ही तुमची सूचना सगळ्यात कामाची ठरली.

गुळाच्या पोत्याचा उपायही तुमचाच. लिटरभर पाण्यात पावकिलो गूळ विरघळवायचा, गोणपाट त्यात भिजवून हलकं पिळायचं आणि दिवेलागणीला भिंतीकडेला पसरायचं. खाली पपईची साल किंवा कोबीची पानं. त्यासाठी भारीतला पिवळाधमक गूळ नको, काळपट चालतो. (कोल्हापुरात हे सांगायला धाडस लागतं!) सकाळी ऊन चढायच्या आत पोतं उलटायचं. उशीर झाला की गोगलगायी पसार होतात आणि पोत्याला फक्त मुंग्या लागलेल्या दिसतात.

वेचताना हातमोजे हवेतच. गोगलगायीतून मेंदूला अपाय करणारा जंत माणसात येऊ शकतो, म्हणून बागेतली मेथी-पालकही नीट धुऊनच खायची. वेचलेल्या गोगलगायी पाच लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ घालून त्यात रात्रभर बुडवायच्या. मोठी शंखी गोगलगाय आत आखडून बसते, तासाभरात काढली तर पुन्हा चालू लागते. ते पाणी झाडांत ओतायचं नाही. वाफ्यात मीठ फेकणाऱ्यांवर तुम्ही का चिडता, ते आता कळलं: मिठानं मुळंच जळतात.

चुन्याचा चार बोटांचा पट्टा कोरडा असेल तोवरच अडवतो. आपल्याकडच्या आषाढात तो वळचणीखालीच टिकणार. कुंडीला तांब्याची पट्टी लावली तरी एखादं पान भिंतीला टेकलं की त्यावरून वाट होते. झाडांना पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालायचं, म्हणजे रात्री माती ओली राहत नाही.

अंडी मात्र तुमच्यामुळेच ओळखता आली. मातीत दोन-तीन बोटं खाली, साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी, एका पुंजक्यात शंभर-दोनशे. यांच्यात नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे प्रत्येक मोठी गोगलगाय अंडी घालू शकते. नर्सरीतून आणलेल्या रोपाचा गोळा म्हणूनच आधी फोडून बघायचा.

गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्या घरात कुत्रं-मांजर असेल तर नकोतच, हे तुम्ही ठासून सांगितलंत ते बरं झालं. भुश्श्यात बनवलेल्या या गोळ्या कुत्रं आवडीनं खातं, आणि थोड्याशाही जिवावर बेततात. शिवाय गोगलगायी खाणारा भारद्वाज बागेत येतो, त्याच्याही पोटात विष जायला नको. अगदीच गरज पडली तर आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या त्यामानानं बऱ्या.

उन्हाळ्यात गोगलगायी शंखाचं तोंड बंद करून फटीत पडून राहतात, तेव्हा भिंतीच्या फटी पाडव्यानंतर बुजवायच्या ठरवल्या आहेत. सिमेंटला वाळू किती घ्यायची, ते सवडीनं येऊन सांगा. चहा आमच्याकडं.

आपले,
गल्लीतले बागवाले