तंबोरा रेल्वेनेच नेऊ

मिरज, ३० ऑक्टोबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, पोरीवर चिडलीस का? चिडले नाही. पण जानेवारीत दिल्लीला परत जाताना तंबोरा विमानानं नेते म्हणालीस, त्यावर फोनवर मला नीट बोलता येत नाही. तिकडे तुझी मेट्रो येते, इकडे माझं दूध उतू जातं. म्हणून लिहिते, सवडीनं वाच.

तंबोरा तयार झाला. मंगळवारी सतारमेकर गल्लीत जाऊन घेऊन आले. दुरुस्ती करणाऱ्या चाचांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, स्वतः कान लावला, मग मला लावायला लावला. चीर गेली होती तिथे आतून पट्टी बसवून सांधलंय आणि वरून चपड्याचं पॉलिश दिलंय. उजेडात तिरका धरला तर केसाएवढी रेघ दिसते, एरवी कळत नाही. म्हणाले, "आता इथे नाही फुटणार. फुटला तर शेजारी फुटेल." मग विचारलं, कसा नेणार? मी म्हटलं, पोरगी विमान म्हणते. ते काही बोलले नाहीत. पेटीचं झाकण लावलं, परत उघडलं आणि तारांखालच्या घोडीच्या बाजूला कापडाची आणखी एक घडी सारली.

दोन वर्षांपूर्वी दिल्लीच्या विमानतळावर पट्ट्यावरून पेटी आली, तेव्हा तिच्यावरची नाजूक सामानाची लाल चिठ्ठी शाबूत होती आणि आत भोपळा चिरला होता. त्या कंपनीनं तुझ्याकडून फॉर्म भरून घेतला. पुढे त्या फॉर्मचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. तेव्हापासून तू मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज करतेस. तुला तो चालतो म्हणतेस, तर चालत असेल. मला फोनवरून ऐकताना तो फ्रिजसारखा वाटतो.

विमानाला माझा विरोध नाही हं. आजोबा गेले तेव्हा तू विमानानं आलीस म्हणून तुला त्यांचं तोंड दिसलं. तिथे वेळेला किंमत होती. पण या खेपेला तुझ्याकडे सुट्टी आहे आणि माझ्याकडे वजन आहे. काल बाबांना वजनकाट्यावर उभं केलं आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात देऊन हिशेब मांडला. ट्रंक चोवीस किलो (तुझी पुस्तकं, हळद, कांदालसूण मसाला, बेदाणे, आणि भडंग, भडंगाला वजन नसतं पण जागा फार लागते). गोधड्यांची वळकटी नऊ. तुझी बॅग तेरा धरली, तू येशील तेव्हा चौदा होईल. तंबोरा पेटीसकट अकरा, त्यातही तंबोऱ्यापेक्षा पेटीच जड. झाले सत्तावन्न. विमानात पोटात पंधरा आणि हातात सात, म्हणजे बावीस. उरले पस्तीस. जादा किलोला पाचशेच धरले तरी साडेसतरा हजार होतात, आणि तिकीट वेगळं. तेवढ्यात चाचांकडून दुसरा तंबोरा होईल की नाही ते विचारायचं मी टाळलं.

तू म्हणशील, आई, मग सामान कमी कर. नाही करणार. दिल्लीच्या थंडीत तू त्या भाड्याच्या खोलीत पॉलिएस्टरचं पांघरूण घेऊन झोपतेस हे मला आवडत नाही.

आता रेल्वेचं ऐक. पार्सल ऑफिसच्या खिडकीमागे एकवीस वर्षं बसले, तेवढं तरी मला बोलू दे. स्लीपरला माणशी चाळीस किलो फुकट. थर्ड एसीलाही चाळीसच, सेकंड एसीला पन्नास, फर्स्ट एसीला सत्तर. आपण दोघी, म्हणजे ऐंशी. होय, मी येणार आहे. माझा रेल्वेच्या नोकरीचा या वर्षीचा पास शिल्लक आहे. माझी पिशवी पाच किलोची. सगळं मिळून बासष्ट. एक रुपया जादा नाही. तुझं स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत.

एसी का नको, तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल आई कंजूष आहे. (आहेच. पण इथे कारण वेगळं आहे.) थर्ड एसीत आत न्यायच्या ट्रंकेचं माप पंचावन्न बाय पंचेचाळीस बाय साडेबावीस सेंटिमीटर. स्लीपरला शंभर बाय साठ बाय पंचवीस. आजोबांची ट्रंक मी टेपनं मोजली, स्लीपरच्या मापात बसते. थर्ड एसीत एखादा कडक टीसी भेटला तर तो आपल्याला ब्रेकव्हॅन, म्हणजे गाडीचा सामानाचा डबा, दाखवेल, आणि त्याचं चुकणार नाही.

आता कबुली. तंबोऱ्याची पेटी शंभर सेंटिमीटरच्या वर जाते. नियमाला धरून ती ब्रेकव्हॅनलाच जायला हवी. मी स्वतः लोकांना हा नियम वाचून दाखवलाय. पण गाणाऱ्यांचे तंबोरे डब्यातून जाताना मी आयुष्यभर पाहिले आणि कुणी अडवलेलं पाहिलं नाही. अडवलंच तर ट्रंक ब्रेकव्हॅनला देऊ आणि पेटीबद्दल मी बोलेन. तू मध्ये इंग्रजी झाडू नकोस.

ब्रेकव्हॅनमध्ये तंबोरा का नाही, हे मात्र मी नियम सोडून सांगते. आमची माणसं वाईट नव्हती. पण डबा उघडला की आत काय असतं ते तू पाहिलं नाहीस. पोत्यात गुंडाळलेल्या, टाकी रिकामी केलेल्या मोटारसायकली, पानाच्या करंड्या, पाणी गळणाऱ्या मासळीच्या पेट्या, आणि वर कुणाचं तरी कपाट. गाडी सुटायच्या आत हे सगळं आत जायचं असतं. घाईत माणूस ठेवत नाही, ढकलतो. मोटारसायकल ते सोसते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नोकरीचं पहिलं वर्ष, तेव्हा मी मिरजेत नव्हते. एक गृहस्थ बाजाची पेटी बुक करायला आले, भोपाळला. छान पॅक केलेली, सुतळीच्या गाठी बघत राहाव्यात अशा. मी लेबलावर बीपीएल लिहायच्या ऐवजी बीएसएल लिहिलं. बीएसएल म्हणजे भुसावळ. पेटी भुसावळला उतरली, ते भोपाळला उभे. पावसाळ्याचे दिवस होते. चौथ्या दिवशी पेटी त्यांना मिळाली, तेव्हा सूर दमट झालेले. तक्रारही केली नाही त्यांनी. पत्र पाठवलं फक्त, की पेटी पोचली, आता काळी चारच्या सुरावर गेलं की पेटीला श्वास लागतो. ते पत्र मी पुष्कळ वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. तेव्हापासून मी कोड लिहून खाली गावाचं नाव अख्खं लिहायचे, सगळे हसायचे. ट्रंकेवर तुझं नाव, गाव आणि फोन मी तैलरंगानं लिहिलंय, आणि झाकणाच्या आत कागदावरही. बाहेरचं खरवडलं गेलं तरी आतलं राहतं.

गाडी आपली नेहमीची, गोवा एक्स्प्रेस. वास्कोहून येते, मिरजेला रात्री, निजामुद्दीनला तिसऱ्या दिवशी सकाळी. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. डबा मध्ये कुठे बदलायचा नाही, आणि जड सामानवाल्यांना याहून मोठं सुख नाही. पुण्यापर्यंत बस, मग विमानतळाला रिक्षा, दोन तास आधी हजर, मग उतरून पुन्हा टॅक्सी, या प्रत्येक ठिकाणी ट्रंक एकदा उचलायची आणि एकदा ठेवायची. गाडीत एकदा चढवली की निजामुद्दीनलाच हात लावायचा.

बर्थ मी दोन घेणार, एक खालचा, एक सगळ्यात वरचा. मधला नको. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा असतो, तेवढा फायदा वयाचा. खालच्या बर्थखाली ट्रंक, साखळीनं बांधून. साखळी घरातली आणते, फलाटावरची कुलपं हेअरपिननं उघडतात. वरच्या बर्थवर तंबोरा, भोपळा भिंतीकडे, खाली गोधडी, आणि तो बर्थ त्याचाच. खालचा आपल्या दोघींचा. आळीपाळीनं झोपू. मला तशीही अडीचनंतर झोप नसते, तेव्हा पुण्यानंतर तू पाय पसर. लहानपणी तू माझ्या पायाशी झोपून दादरपर्यंत जायचीस, आता तुझे पाय माझ्या नाकापर्यंत येतील, एवढाच फरक.

तारा चाचांनी उतरवून दिल्यात. पूर्ण ढिल्या नाहीत, घोडी जागेवर राहील इतपत. वाटेत जुळवायचा मोह करू नकोस. इथली हवा वेगळी, तिथली थंडी वेगळी, भोपळ्याला एक-दोन दिवस खोलीत तसाच बसू दे म्हणाले. शेवटी ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यातलं फळ आहे, उन्हात वाळलेलं. जवारीच्या, म्हणजे तारांना झणक देणाऱ्या दोऱ्याची गुंडी त्यांनी वेगळी दिलीय.

बाबांचं म्हणणं, तीस-बत्तीस तास बसवेल का तुला? त्यांना मी २०१६ ची आठवण दिली. त्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नव्हतं आणि आपल्या मिरजेतून पाण्याची गाडी गेली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही सगळे कामं सोडून फलाटाच्या टोकाला जाऊन उभे होतो. इतकं वजन इतक्या शांतपणे हललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझे गुडघे त्यापुढे किती? बाबा म्हणाले, गुडघ्यांना चाकं नाहीत. असो.

तीन दिवसांपूर्वी २७ तारीख झाली. दर्ग्यात गेले होते, गर्दी नव्हती. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी थोडं बसले. १९३७ साली याच तारखेला ते पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत गाडीत त्रास झाला म्हणून मद्रासकडच्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनला उतरले आणि तिथे फलाटावरच गेले. तिथून त्यांना इथे मिरजेत आणलं. तुझी आजी हे सांगताना नेहमी विचारायची, मग त्यांचे तंबोरे कुणी आणले असतील गं? मला तेव्हा तो प्रश्न वेडगळ वाटायचा. नोकरीला लागल्यावर वाटेनासा झाला.

दिवसभर काय करायचं म्हणून तू कुरकुरशील. मनमाडनंतर जेवू, भाकरी-पिठलं आणि दही-भात मी करून घेते, पहिल्या दिवशी बाहेरचं काही लागणार नाही. भुसावळला केळी घेऊ. इटारसीनंतर नर्मदा येते, पुलावर मी दरवेळी एक नाणं टाकते, तू हसायचीस ते आठवतंय मला. यंदा हसलीस तरी चालेल, नाणं तू टाक. पुढे अंधार. आणि एक सांगून ठेवते, जानेवारीत आग्र्याच्या पुढे धुकं असतं, गाडी दोन-चार तास रेंगाळेल. चार तारखेला हजर होईन असं ऑफिसात सांगू नकोस, पाच सांग. चारला गाडी सकाळी पोचली पाहिजे, तर ऑफिस पाचला. म्हणजे रजा एक दिवस वाढव. तेवढी तुझी साहेबीण देईल, चांगली आहे असं तूच म्हणतेस.

निजामुद्दीनला उतरल्यावर हमालाशी आधी पैसे ठरवायचे, ट्रंक आणि वळकटी त्याच्या डोक्यावर. पेटी आपल्या दोघींच्या हातात, एक टोक तू, एक मी. जिना तू उलट उतर, म्हणजे भोपळ्याची बाजू वर राहील. मेट्रो नको, त्या तपासणीच्या यंत्रातून पेटी घालायची उस्तवार कोण करणार? सरळ टॅक्सी.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. दोन जानेवारीच्या रात्रीचं तिकीट हवं तर ३ नोव्हेंबरला सकाळी आठला. माझं पासचं मी खिडकीवर जाऊन काढणार, तुझंही तिथेच काढते म्हणजे बर्थ जवळजवळ मिळतील. तुझं विमानाचं येण्याचं तिकीट काढलंस ते ठीक आहे, येताना हात मोकळेच असणार. जातानाचं मात्र काढू नकोस. काढलं असशील तर सांग, मी बोलणार नाही, पण सांग.

बाबा म्हणतात आशीर्वाद लिही. लिहिले.

तुझी,
आई

ता. क. ट्रंकेच्या दोन किल्ल्या आहेत. एक पत्राबरोबर पाठवते आहे, ती तुझ्या घराच्या किल्लीत अडकव. दुसरी माझ्या गळ्यात. मागच्या वेळी दोन्ही ट्रंकेतच राहिल्या होत्या आणि बाबांनी छिन्नीनं कडी तोडली. ती वेल्डिंग करून आणली, पंचवीस रुपये पडले.