आपण शस्त्रक्रिया केली नाहीत, म्हणून हे आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार.

शस्त्रक्रिया पार पडली की सर्जनचे आभार मानण्याची रीत आहे. आपण माझ्या आईची शस्त्रक्रिया केलीच नाहीत आणि मी आभार मानतो आहे ते नेमके त्याबद्दल.

भातलावणीच्या दिवसांत आईची पाठ दुखू लागली. आमच्या खानापूर तालुक्यात चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या पाठदुखीला कोणी आजार म्हणत नाही, त्यामुळे पाच महिने बाम आणि गोळ्यांवर गेले. पाय बधिर होऊ लागले तेव्हा एका दवाखान्यात एमआरआय झाला, पाठीच्या अकराव्या मणक्यात गाठ दिसली आणि 'उघडून खरवडून काढू' असे सांगून लगेच पुढच्या मंगळवारची तारीखही मिळाली. निव्वळ दुसरे मत घ्यावे म्हणून आम्ही फिल्म घेऊन बेळगावला आपल्याकडे आलो.

ही गाठ कॉर्डोमा असावी, असे आपण म्हणालात. वर्षाला दहा लाख माणसांत जेमतेम एकाला होणारी, गर्भात पाठीचा कणा तयार होण्याआधी जी दोरी असते तिच्या उरलेल्या पेशींपासून वाढणारी ही गाठ. आमचा रिपोर्ट इंग्रजीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये आणि आईला कळते ती फक्त मराठी, म्हणून आपण तिलाच विचारलेत, "मावशी, फणस कसा चिरता?" ती म्हणाली, "हाताला तेल लावून, न्हाईतर चीक सुटत न्हाई." त्यावर आपण सांगितलेत की ही गाठही आतून तशीच चिकट असते, मध्येच चिरली तर आतले द्रव्य आजूबाजूला सांडते आणि जिथे सांडेल तिथे गाठ पुन्हा रुजू शकते. त्यामुळे शक्य तेवढी ती अख्खीच काढावी लागते. तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेणारी बायोप्सीची सुईसुद्धा आपण टोचली नाहीत, कारण सुईची वाट पुढे गाठीबरोबर कापून काढता यावी, यासाठी ती वाट शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवायची असते. मंगळवारची तारीख आम्ही त्याच संध्याकाळी रद्द केली.

केसपेपरच्या मागे आपण दोन वर्तुळे काढलीत, एक गाठीचे आणि त्याला टेकलेले दुसरे मज्जारज्जूचे. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. कॉर्डोमाला आवर घालायला 70 ग्रे (ग्रे हे किरणमात्रा मोजायचे एकक) किंवा त्याहून जास्त किरणमात्रा लागते, मज्जारज्जू मात्र साधारण 45 ते 50 ग्रेपर्यंतच सुरक्षितपणे सोसतो. केवळ सुरी वापरली तर मज्जारज्जूच्या बाजूला पेशी राहून जाण्याची भीती, आणि केवळ किरण वापरले तर मज्जारज्जू जळण्याची. म्हणून आधी शस्त्रक्रियेने गाठ काढून मज्जारज्जूभोवती मोकळी जागा करायची आणि मग उरलेल्या कडेवर नेमके किरण सोडायचे. साधे क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, तर प्रोटॉन नावाच्या सूक्ष्म कणांचे किरण ठरवलेल्या खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकून तिथेच थांबतात. गावात 'लाईट देणे' म्हणतात त्यात इतका फरक असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आपल्या चिठ्ठीवर आम्ही मुंबईला गेलो. तिथे सर्जन आणि किरणोपचार तज्ज्ञ यांनी शस्त्रक्रियेच्या आधीच एकत्र बसून आराखडा केला. मणक्याला आधार म्हणून टायटॅनियमऐवजी कार्बन फायबरच्या सळ्या बसवल्या, कारण धातूमुळे स्कॅनवर रेघोट्या उमटतात आणि किरणांचा हिशेब चुकू शकतो. सळी ती सळी, तिच्यात काय एवढे, असे मी समजत होतो! पुढे जखम भरल्यावर मुंबईजवळ खारघरला आठवड्यातून पाच दिवस, प्रोटॉन किरणांच्या प्रत्येकी 2 ग्रेच्या एकूण 37 बैठका झाल्या. आई शनिवार-रविवारला 'शाळेची सुट्टी' म्हणायची.

आज ती काठी न घेता विहिरीपर्यंत जाते. वाकायला मनाई आहे, म्हणून लावणी बंद झाली; त्याचे तिला दुःख आहे आणि ते ती बोलून दाखवते. कॉर्डोमा अनेक वर्षांनीही परत येऊ शकतो, हे आपण पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होतेत, म्हणून दर सहा महिन्यांनी एमआरआय चालू आहे. मागच्या महिन्यातला स्वच्छ आला.

सोबत गऱ्यांचा डबा पाठवतो आहे. या वर्षी फणस मी चिरला. आई खुर्चीत बसून तेल आणखी लाव, आणखी लाव, असे बजावत होती.

आपला नम्र,
आपल्या त्या रुग्ण मावशींचा मुलगा
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव