दर महिन्याला पॉलिश? गाडीवर एवढा रंगच नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही घरच्या घरी गाडी कशी चमकवायची यावर चांगलं अर्धं पान दिलंत. विषय आवडीचा असल्याने अक्षर न् अक्षर वाचलं, पण खाली जी चौकट होती, दर महिन्याला एकदा पॉलिश मारा आणि बारीक ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळा वगैरे, ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी काही यातला एक्स्पर्ट नाही, हौशी माणूस आहे, पण एकदा हात पोळून घेतलेत त्यामुळे थोडं कळतं.

सगळा घोळ त्या पॉलिश शब्दाचा आहे. बुटाला पॉलिश करताना आपण डबीतून काहीतरी काढून बुटावर चढवतो, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय की पॉलिश म्हणजे वरून लावायची गोष्ट, जेवढं जास्त तेवढं चांगलं. गाडीचं पॉलिश तसं नसतं हो, ते लादीच्या पॉलिशसारखं असतं. लादीवर मशीन फिरवलं की पांढरट चिखल निघतो, तो लादीचाच असतो. गाडीवरही तेच चालू असतं, फक्त निघणारा थर पारदर्शक असल्याने कुणाला दिसत नाही आणि सगळे खूश.

आता हा थर किती जाड असतो, तर तुमच्याच पेपरचं एक पान चिमटीत धरून बघा. ते साधारण 70 मायक्रॉनच्या आसपास भरेल (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीतून येताना गाडीच्या पत्र्यावर प्रायमर (रंगाच्या खालचा थर), रंग, क्लिअर कोट सगळं धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतं, आणि त्यातला सगळ्यात वरचा क्लिअर कोट, ज्याच्यामुळे गाडीला चमक असते आणि आतला रंग उन्हापासून वाचतो, तो बहुतेक वेळा 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे पेपरच्या पानाहूनही पातळ. मशीनने कंपाउंड, म्हणजे जाडसर घासणारी पेस्ट, फिरवलं की त्यातले दोन-चार मायक्रॉन सहज जातात, फिनिशिंग पॉलिशला एखादा. आता दर महिन्याला हे करा आणि दोन वर्षांनी काय उरतं त्याचा हिशोब तुम्हीच मांडा. कंपनीने दिलेला क्लिअर कोट एकदाच मिळतो, परत चढत नाही, परत चढवायचा म्हणजे सरळ पेंटिंग.

मला वाटतं लिहिणाऱ्याला वॅक्स म्हणायचं असणार. वॅक्स दर महिन्याला लावलं तरी काही बिघडत नाही कारण ते खरंच वरून लावायचं असतं, काही काढत नाही. गंमत म्हणजे बऱ्याच बाटल्यांवर पॉलिश लिहिलेलं असतं आणि आत नुसतं वॅक्स असतं, काहींवर वॅक्स लिहिलेलं असतं आणि आत घासणारी पावडर पण असते, त्यामुळे पुढचं मोठं नाव सोडा आणि मागचं बारीक वाचा. कट, कंपाउंड, अब्रेसिव्ह, स्क्रॅच रिमूव्हर असलं काही दिसलं की समजायचं ही घासायची बाटली आहे.

माझी गाडी काळी. काळी गाडी घेणाऱ्याला कुणीतरी आधी बसवून समजवायला पाहिजे, पण ते असो. चार वर्षांची झाली तेव्हा उन्हात बघितलं की बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसायचं, गोल गोल बारीक रेषा. तेव्हा वाटायचं की कुणीतरी गोल हात फिरवून पुसलंय म्हणून गोल रेषा पडल्यात. तसं नसतं, ओरखडे सगळीकडे आडवेतिडवे असतात, पण प्रकाशाला आडवे असलेलेच तेवढे चमकतात म्हणून दिव्याभोवती गोल जाळं दिसतं, दिवा हलवला की जाळं पण सरकतं. मोबाइलचा टॉर्च धरून बघा कुणीही.

तर हे जाळं काढायचं म्हणून मी मेव्हण्याचा अँगल ग्राइंडर आणला, त्याला लोकरीचा पॅड बसवला आणि सुरू झालो. आता पॉलिशिंगचं रोटरी मशीन मिनिटाला साधारण 600 ते 3000 फेरे घेतं, वर स्पीड कमीजास्त करायची सोय असते, आणि साधा चार इंची ग्राइंडर एकच स्पीड जाणतो, 11,000 च्या आसपास. तो लोखंड कापायला बनवलाय. हे मला नंतर कळलं. बॉनेटच्या मधल्या भागावर झकास चमक आली म्हणून मी जोरात येऊन कडेच्या उठावाच्या रेषेवर गेलो, जेमतेम दोन-तीन सेकंद थांबलो असेन, आणि तिथे नखाएवढा पांढरट डाग दिसला. वाटलं कंपाउंड सुकलंय, म्हणून (हसू नका) परत तिथेच मशीन फिरवलं. मग पॅडकडे बघितलं तर पॅड काळा. क्लिअर कोट जाऊन रंग निघायला लागला होता, आणि डागाच्या मध्ये प्रायमरचा राखाडी ठिपका बाहेर आला होता. मेव्हणा म्हणाला भाऊजी ग्राइंडर तरी परत द्या.

कडेलाच का गेलं, तर रंग ओला असताना तो धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना थोडा सरकतो, त्यामुळे कडा आणि उठावाच्या रेषांवर थर आधीच पातळ असतो, वर मशीनचा सगळा दाब त्या बारीक रेषेवर येतो आणि उष्णता पण तिथेच साठते. म्हणून जाणते लोक आधी कडांना, रबराला, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना मास्किंग टेप लावून घेतात. मी टेप फालतू खर्च समजत होतो.

नवशिक्याने मशीन घ्यायचंच तर डीए घ्यावं, ड्युअल अ‍ॅक्शन, ज्यात पॅड गोल फिरता फिरता हलतो पण. त्याने कितीही वेंधळेपणा केला तरी रंग जळायला वेळ लागतो, जोरात दाबलं तर बिचारं फिरायचंच थांबतं. आणि सुरुवात सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने, ती पण दीड-दोन फुटांच्या चौकोनावर. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात, मशीन बंद ठेवूनच ते आधी पसरवायचे नाहीतर भिंतीला पण पॉलिश होतं, मग हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा येईल असं. तेवढ्याने जाळं गेलं तर तोच सेट पूर्ण गाडीला, नाही गेलं तरच एक पायरी वर चढायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात, पहिल्यांदाच सगळ्यात जाड कंपाउंड. आणि जो ओरखडा नखाला अडकतो त्याच्या मागे लागूच नये, तो बराच खोल गेलेला असतो, तो काढायचा म्हणजे आजूबाजूचं सगळं तेवढं खाली न्यायचं.

एक फसवणूक पण सांगतो. रबिंग-पॉलिश करून घेतलं की गाडी आरसा होते आणि दोन-तीन वॉशनंतर जाळं परत हजर, हे खूप जणांनी बघितलं असेल. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात भरून बसतं, ओरखडा गेलेलाच नसतो, तेल धुतलं की परत दिसतो. म्हणून एक चौकोन झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मायक्रोफायबरने पुसायचं आणि मग टॉर्च मारून बघायचं.

पण खरं सांगू का, हे जाळं येतं कुठून हे तुमच्या अर्ध्या पानात कुठेच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. ते येतं धुण्यातून आणि पुसण्यातून. धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि कोरड्या फडक्याने धूळ झटकणं म्हणजे गाडीला रोज थोडा थोडा पॉलिशपेपर मारणं. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धूळ उतरवून घ्यायची, मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, मिट (धुवायचा मऊ हातमोजा) गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा आणि मगच शॅम्पूत बुडवायचा. पहिल्यांदा केलंत की त्या साध्या बादलीच्या तळाशी जी रेती बसते ना ती बोटाने चाचपून बघा, एरवी ती सगळी आपण परत गाडीवर चोळत असतो. वरून खाली यायचं, चाकांना वेगळा कपडा, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. भांड्याचा साबण नको, तो तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, लावलेलं वॅक्स पण तो घेऊन जातो. आणि उन्हात धुवायचं नाही, थेंब वाळले की पाण्यातला चुना तिथेच डाग धरून बसतो. पुसताना मोठा मायक्रोफायबर टॉवेल नुसता पसरून अलगद ओढायचा. ते टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, त्याने त्यांची पाणी शोषायची ताकद जाते. आणि टॉवेल जमिनीवर पडला तर तो गाडीसाठी संपला, माझ्याकडे लादी पुसायला असे सात-आठ जमलेत.

पक्ष्याच्या विष्ठेचं पण तेच. लोक नख लावून खरवडतात. उन्हात क्लिअर कोट थोडा मऊ होतो आणि विष्ठा वाळून आक्रसताना त्याला धरून ठेवते, तिथे खड्डा पडतो तो मग धुऊन जात नाही. ओला टिश्यू पाच-दहा मिनिटं ठेवून द्यायचा आणि वरच्या वर उचलायचं.

धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा, नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो, ती चिकटलेली घाण धुऊन जात नाही. त्याला क्ले बार, म्हणजे ती घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा. पण क्लेला भरपूर शॅम्पूचं पाणी पाहिजे, आणि क्ले खाली पडली तर सरळ फेकून द्यायची, मग कितीही नवी असो.

टूथपेस्टबद्दल दोनच वाक्यं. तिच्यातली पावडर दातांसाठी असते, ती रंगावर किती कापेल याचा कुणालाच अंदाज नाही. पिवळ्या हेडलाइटवर ती चालते असं वाटतं कारण वरचा पिवळा थर खरवडला जातो, पण हेडलाइट पॉलिकार्बोनेटचा असतो, त्याच्यावर उन्हापासून वाचवणारा एक कोट असतो आणि तो उरलासुरला पण गेला की काच, म्हणजे ते प्लॅस्टिक, पहिल्यापेक्षा लवकर पिवळं पडतं, म्हणून घासल्यावर यूव्ही कोटिंग द्यावंच लागतं. ही झाली दोनपेक्षा जास्त वाक्यं, चालवून घ्या.

सिरॅमिक कोटिंगची जाहिरात त्याच पानावर खाली होती, त्यातल्या 9एचला भुलू नका एवढंच. हा हिऱ्या-माणकांचा मोज स्केल नाही, पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा आहे, 9एच पेन्सिलने ओरखडा पडला नाही एवढाच त्याचा अर्थ. कोटिंग चांगलंच असतं, पाणी आणि घाण घरंगळून जाते, पण कोरड्या फडक्याने त्याच्यावरही जाळं पडतं, आणि खाली आधीच जाळं असेल तर ते काढल्याशिवाय कोटिंग मारू नये, नाहीतर जाळं झाकून ठेवल्यासारखं होतं.

माझ्या बॉनेटवरचा डाग अजून आहे. टचअप पेनने भरलाय, लांबून दिसत नाही, मला दिसतो. त्यानंतर पूर्ण गाडीला पॉलिश एकदाच केलं, डीएने, टेप लावून, दोन दिवस घालवून. बाकी फक्त धुणं आणि वॅक्स.

पुढच्या रविवारी तेवढी चौकट दुरुस्त करून छापता आली तर बघा, महिन्याला वॅक्स आणि पॉलिश फक्त गरज पडली तरच, एवढं लिहिलंत तरी बास.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. लेखात गाडीची काच जुन्या वर्तमानपत्राने पुसायला सांगितलंय ते मात्र चालतं, कागदाचे तंतू काचेवर राहत नाहीत. फक्त शाई हाताला आणि काचेभोवतीच्या रबराला लागते, आणि पत्र्यावर चुकूनही नको.